गिरणी चालू आहे

पुणे
१२ जानेवारी २०२५

सौ. कडूस,

पत्र बघून घाबरू नकोस. ऑपरेशन झालं. मी उठून बसतो, दोन पावलं चालतोही.

काल तुझा फोन आला तेव्हा सुकन्यानं तो माझ्या कानाला लावला. तू ‘अहो, अहो’ करत होतीस आणि मी नुसताच ऐकत होतो. मग तू रडायला लागलीस. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. गाठ काढताना डॉक्टरांना आवाजाची पेटीपण काढावी लागली. गळ्याला खाली एक भोक ठेवलंय, श्वास तिथून घ्यायचा. पुढं एक यंत्र मिळतं म्हणे, गळ्याला लावून बोलायचं. तोवर हे असंच. मोबाईलवर अक्षरं जुळवायला माझा अंगठा चालत नाही आणि तुझा फोन बटणांचा. अजिनाथचा दुधाचा टेम्पो रोज गावातून भोसरीला येतो, सुकन्याच्या घराजवळच रिकामा होतो. पत्र त्याच्याकडं देत जा.

आता गिरणीचं. मोटार सुरू केल्यावर पट्टा नीट फिरू दे, मगच दाणे सोड. लाईट मंद असली तर चालवू नको, मोटार जळेल. पट्ट्याजवळ जाताना पदर खोच, केस बांध. हे रोज सांगायचो तसंच सांगतोय, रागावू नको.

आणि काही झालं तरी गिरणी बंद ठेवू नको. रांजणवाडीचा बिभीषण टपलेलाच आहे. त्याचं नवीन मशीन आहे, घरोघर डबे न्यायला गाडी आहे. आपलं दार चार दिवस बंद दिसलं की त्याची गाडी आपल्या गल्लीत येईल, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून तू इकडं येऊ नको. सुकन्या माझी बहीण आहे, ती सगळं करते. पंकजालाही कर्जतला सविस्तर कळवू नको, पोरीचे दिवस भरत आलेत.

तुझा,
भागवत

•

पिंपळदरा, ता. पारनेर
१७ जानेवारी २०२५

अहो,

पत्र पोचलं. आधी तुमचं अक्षर बघितलं आन् मंग वाचलं. अक्षर तुमचंच हाय, वाकडं न्हाई झालं, तेवढ्यानं जिवाला बरं वाटलं.

गिरनी चालू हाय. सकाळी गोठ्यातलं उरकून उघडते. पदर खोचते, केस बांधते. पयल्या दिवशी पट्टा सुटला तवा मी एवढी दचकले की बाहीर अंगनात जाऊन हुभी ऱ्हायले. छबूबाई डबा घेऊन बसल्या हुत्या. त्या म्हनल्या, “अगं ये आत, ते काय चावतंय व्हय?” मंग दोघींनी मिळून चढवला. आता माझी मी चढवते.

समदी इचारत्यात, भागवत बोलला का? मी म्हनते, बोलतील. आवाजाचं मी कुनाला सांगितलं न्हाई. माझ्या तोंडातून निघत न्हाई.

एक इचारते. अवसंला गिरनी बंदच आस्ती. तुमीच कधी अवसंला मशीनला हात लावू दिला न्हाई. त्या दिवशी मी सकाळच्या यस्टीनं येते, तुमाला बघते, आन् सांजच्या यस्टीनं माघारी. दुसऱ्या दिवशी गिरनी येळंवर उघडंल. कुनाला कळायचं बी न्हाई. येऊ का?

तुमची,
कडूबाई

•

पुणे
२३ जानेवारी २०२५

सौ. कडूस,

अमावस्येला येऊ नको. इथं जखम ओली असेपर्यंत बाहेरच्या माणसाला भेटू देत नाहीत. डॉक्टर फार कडक आहेत. सुकन्यालासुद्धा बाहेर बसवतात. तू एवढी आलीस आणि दारातून परत गेलीस तर माझ्याच जिवाला लागेल.

मी बरा आहे. काल मऊ भात खाल्ला, वर वरण घेतलं. तोंडाला चव आली आहे.

अमावस्येचा उपयोग असा कर. दगड गुळगुळीत झाले असतील, पिठाला हात लावून बघ, गरम लागत असेल. टाकी लावून ते खडबडीत करायला पारनेरचा माणूस बोलावून घे. दिवसभर बसवून दोन्ही दगडांना टाकी लावून घे. गिरणी चालू असताना हे होत नाही. तू त्याच्यासमोर बसून राहा, नाहीतर तो वरवर हात फिरवून जाईल.

पंकजाचा फोन आला होता का?

भागवत

•

पिंपळदरा
९ फेब्रुवारी २०२५

अहो,

तुमी भात खाल्ला हे वाचून मी त्या दिवशी भातच केला.

टाकी लावून घेतली. मानूस दिसभर ठोकत हुता आन् मी समोर बसून. सारखं वाटायचं, आता या येळंला मी पुन्यात असते. पन पीठ झ्याक पडाया लागलं. पंकजा बरी हाय, तुमची चौकशी करती. मी बरंच हाय म्हनते.

मधे पत्र न्हाई धाडलं त्याचं कारन सांगते. आपल्या गावची लाईटची डीपी जळाली. पार धूर निघाला. वायरमन म्हनला, “नवी डीपी येईस्तोवर काय करता येत न्हाई वहिनी, नंबर लागलाय.” घरात दिवा न्हाई, मंग मशीन कुठलं चालतंय. वट्यावर डब्यांची रांग लागली. पयल्या दिवशी बायका थांबल्या. दुसऱ्या दिवशी दोघीतिघी डबं उचलाया लागल्या. म्हनल्या, “पोरं जेवायची कशी गं? आमी रांजनवाडीला जातो.”

तुमचं पत्र माझ्या डोळ्यापुढं आलं. मी म्हनलं, डबं हितंच ठिवा, सांजच्याला पीठ घेऊन जा. अजिनाथला थांबवलं, समदं डबं दुधाच्या टेम्पोत चढवलं आन् रांजनवाडीला बिभीषनाच्या दारात उतरले.

तो जेवत हुता. हात धुऊन बाहीर आला. मी म्हनलं, “माझी डीपी जळालीय. हे माझं गिऱ्हाईक हाय, ते मला सोडायचं न्हाई. दुपारचं तुझं मशीन मोकळं असंल तर मला दळू दे.” त्यानं डबं बघितलं. मंग म्हनला, “भागवतभाऊ कसं हायत?” मी म्हनलं, बरं हायत. तो म्हनला, “दळा वहिनी. मी पट्टा लावून देतो.”

डीपी येईस्तोवर रोज दुपारी गेले. सांजच्याला आपल्याच वट्यावरून ज्याचा त्याला डबा दिला. एक बी गिऱ्हाईक हललं न्हाई. आता लाईट आली, आपलं मशीन सुरू झालं. तुमाला सांगावं का नको, आसं झालं हुतं. पन तुमाला आनंदच हुईल, म्हनून सांगितलं.

तुमची,
कडूबाई

•

पुणे
१३ फेब्रुवारी २०२५

कडूबाई,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

बिभीषण कोण आहे ते तुला माहीत आहे. आपल्याच गिरणीत पोतं उचलता उचलता तो काम शिकला. मी त्याला हाताला धरून शिकवलं. आणि एक दिवस न सांगता निघून गेला आणि पलीकडच्या गावात मशीन टाकलं. त्याच्या दारात तू आपले डबे घेऊन उभी राहिलीस. माझा आवाज गेला म्हणून माझी गिरणी त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवलीस?

लोकांनी काय बघितलं असेल? भागवतचं पीठ आता बिभीषण दळतो. तूच वाट दाखवलीस. उद्या ते सरळ तिकडं जातील. त्यापेक्षा गिरणी बंद ठेवली असती तर बरं झालं असतं.

भागवत

•

पिंपळदरा
१५ फेब्रुवारी २०२५

अहो,

बंद ठेवायची न्हाई म्हनून मी तुमाला बघाया आले न्हाई. आता म्हनता, बंद ठेवली आस्ती तर बरं. बंदच ठेवायची हुती तर ते समदं दिवस मी तुमच्या उशाला बसले नसते का? दारातून का हुईना, बघितलं नसतं का?

मी कुनाची पायरी चढले ते माझ्यासाठी न्हाई.

गिरनी चालू हाय. काळजी करू नका.

कडूबाई

•

भोसरी, पुणे
२ मार्च २०२५

ती. वहिनींना सा. न.

दादानं तुम्हाला उत्तर पाठवलं नाही. तुम्हीही नंतर लिहिलं नाही. तुमचं शेवटचं पत्र आलं त्या दिवशी त्यानं ते वाचून उशीखाली ठेवलं. मग रोज कागद मागायचा, दोन ओळी लिहायचा आणि फाडायचा. एकदा मी तुकडे उचलताना वाचलं. ‘कडू, माझं चुकलं’ एवढंच होतं.

वहिनी, मी तुम्हाला फोन करणार होते. पण तुम्ही उचलल्या उचलल्या ‘कसे आहेत?’ विचारता, आणि तो समोर असतो, त्याला सगळं ऐकू येतं. त्यानं माझा हात त्याच्या डोक्यावर ठेवून मला शपथ घातली होती. ती मी आज मोडते आहे.

दवाखान्यात रोज संध्याकाळी भेटू देतात. कधीच बंदी नव्हती. त्यानं भात खाल्ला नाही. ऑपरेशनपासून नाकातल्या नळीनंच सगळं चालू आहे. तोंड सुजून एका बाजूला ओढलंय. पहिल्या दिवशी त्यानं आरसा मागितला, बघितला आणि लिहून दिलं, ‘कडूला हे दिसू द्यायचं नाही. बरा झालो की मग.’ वहिनी, गिरणीची काळजी त्याला होतीच, पण तुम्हाला येऊ न देण्याचं खरं कारण हे होतं.

तो बरा होईल म्हणून मीही गप्प राहिले. परवा डॉक्टरांनी मला आत बोलावलं. दुखणं छातीत उतरलंय. म्हणाले, आता इथं ठेवून उपयोग नाही, घरी न्या, माणसांत ठेवा. मी दादाला सांगितलं नाही. पण त्यानं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मान हलवली. त्याला कळलंय.

तुम्ही या. गिरणीला कुलूप लावा आणि या. तो रागावला तर माझ्यावर रागावू दे.

तुमची,
सुकन्या

•

भोसरी, पुणे
१४ एप्रिल २०२५

ती. वहिनींना सा. न.

तेराव्यानंतर आम्ही निघालो तेव्हा तुमच्याशी नीट बोलता आलं नाही. पंकजा बाळाला घेऊन बसली होती, घरात पाहुणे होते. दहाव्याला घाटावर मी तुम्हाला विचारलं, ‘दादा गेला तेव्हा कसं झालं?’ तुम्ही उठून गेलात. माझं चुकलं असेल. पण वहिनी, दोन महिने मी त्याच्याजवळ होते. तुम्ही त्याला घेऊन गेलात ती गाडी वळेपर्यंत मी बघत होते. पुढं काय झालं ते मला कुणीच सांगितलं नाही. शेवटी त्यानं माझी आठवण काढली का, हेही माहीत नाही.

दुसरं म्हणजे, काल अजिनाथ सांगत होता, तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही गिरणी उघडलीत. वहिनी, कशासाठी? कुणासाठी? इतके दिवस त्याच्यासाठी राबलात. आता बंद करा. मशीन कुणाला तरी देऊन टाका आणि आमच्याकडं या. आमच्या घरात तुम्हाला जागा आहे. त्या खोलीत एकट्या उभ्या आहात हे डोळ्यांसमोर येतं आणि माझा घास उतरत नाही.

उत्तर द्या.

सुकन्या

•

पिंपळदरा
१९ एप्रिल २०२५

सुकन्याताईंस,

तुमी दहाव्याला इचारलं तवा मी उठून गेले. तुमचा राग न्हवता, ताई. तिथं सांगता आलं नसतं. आता सांगते.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी कुलूप लावलं आन् अजिनाथच्या टेम्पोत बसून आले, ते तुमी बघितलंच. मी वार्डात आले तवा ह्यांनी तोंडावर चादर वढून घेतली. मी चादर काढली न्हाई. तशीच शेजारी बसले, पायावरनं हात फिरवला. बऱ्याच येळानं ह्यांनीच चादर खाली केली. मी बघितलं. काय वाटायचं ते वाटलं, पन मी म्हनलं, “दाढी वाढलीय, घरी गेल्यावर करू.”

घरी आनलं. घरात खाट टाकली तर गावातली मानसं यायची, इचारायची, ह्यांना उत्तर देता यायचं न्हाई. कागद मागायचं, लिहीपर्यंत समोरचा उठून जायचा, न्हाईतर मोठ्यानं बोलायचा, जसं काय ह्यांना ऐकूच येत न्हाई. हे भिताडाकडं तोंड करून पडायचं. एक दिवस मला खुनावलं, खाट गिरनीत टाक.

मी न्हाई म्हनलं. पीठ उडतंय, छाती आधीच भरलेली. ऐकंनात. मंग दाराच्या बाजूला, वाऱ्याकडं खाट टाकली, गळ्याच्या भोकावर वलं फडकं बांधलं आन् गिरनी उघडली.

ताई, तिथं हे सुधरलं. दुखनं न्हाई, मानूस सुधरलं. गिरनीत कुनालाच बोलता येत न्हाई ना. मशीन सुरू झालं की समदी हातानंच बोलत्यात. बायका यायच्या, हातानं इचारायच्या, कसं काय? हे हातानंच सांगायचं, बरं. कुनाचा डबा आधी, जाड का बारीक, किती येळ लागंल, समदं हातानं. कुनाला वाटायचंच न्हाई की ह्यांचा आवाज गेलाय. एकदा छबूबाईंनी हातानं कायतरी दावलं आन् हे हासले. तोंड वाकडं झालं, पन हासले.

बिभीषन आला हुता. दारात हुभा ऱ्हायला, आत येईना. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी त्याच्याकडं बघितलं. मंग बोटानं पट्टा दावला. पट्टा सैल झाला हुता, मला कळलं न्हवतं. बिभीषनानं चपला काढल्या, मशीन बंद करून पट्टा आवळला, पुन्हा सुरू केलं. जाताना ह्यांच्या पायाला हात लावला. ह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला का न्हाई ते मला दिसलं न्हाई, मधे पोतं हुतं. पन त्यानंतर तो रोज येऊ लागला. मला ह्यांना पुसायचं, नळीतनं द्यायचं असलं की तो मशीनपाशी हुभा ऱ्हायचा.

त्या दिवशी मातर तो आला न्हवता. पाडवा तोंडावर आलेला, दळनाची गर्दी. सकाळचीच येळ. छबूबाईंचं गहू दळत हुते. ह्यांना हातानं इचारलं, पानी? ह्यांनी न्हाई म्हनून हात हालवला आन् वर बोट केलं, दाणं हळू सोड. मी वळले, दाणं कमी केलं. मंग पीठ बघत हुभी ऱ्हायले. पाठ ह्यांच्याकडं.

छबूबाई समोर आल्या आन् वरडाया लागल्या. तोंड दिसत हुतं, ऐकू येत न्हवतं. मला वाटलं, पाडव्याच्या पोळ्यांसाठी पीठ बारीक पायजे म्हनत्यात. मी हातानं इचारलं, बारीक? आन् दगड आवळला. त्या अजून वरडल्या. मी अजून आवळला. मंग त्यांनी माझा पदर धरून मला गर्रकन फिरवलं.

कधी गेले मला म्हाईत न्हाई, ताई. एवढ्या जवळ हुते आन् म्हाईत न्हाई. मशीन चालूच हुतं. मी त्यांच्याजवळ बसून हाका मारत हुते, त्या बी कुनाला ऐकू आल्या नसतील. छबूबाईंनी बटन बंद केलं तवा माझा आवाज मला ऐकू आला. आन् मी गप झाले.

लोक इचारत्यात, शेवटचं काय सांगितलं? दाणं हळू सोड, एवढंच सांगितलं. माझं, तुमचं, पंकजाचं काय न्हाई. पन तुमी इचारलं म्हनून सांगते, घरी आल्यावर एकदा कागदावर लिहून दावलं हुतं, सुकन्यानं लई केलं, तिला रागावू नको. मी रागावले न्हवतेच. तुमी शपथ मोडली म्हनून मला एवढे तरी दिवस मिळाले.

आता गिरनी का उघडली, ते. तेरा दिवस घरात मानसं हुती. समदी बोलत हुती. बिभीषनानं कार्याचं समदं पीठ दळून पाठवलं. तुमी गेला, पंकजा गेली, मंग घर गप झालं. त्या दिवशी दुपारी मी नुसती बसले हुते, तर दारावर कुनीतरी थाप मारल्यासारखं वाटायचं. उठून बघायची, कुनी न्हाई. पुन्हा बसायची, पुन्हा थाप. मी तशीच उठले, गिरनीचं कुलूप काढलं आन् मशीन सुरू केलं. दळान न्हवतं कुनाचं. घरातली ज्वारी घातली आन् दळत बसले. आवाज ऐकून सांजच्याला बायका डबं घेऊन आल्या. मी एकेकीचा डबा घेतला.

तुमी बोलावलं, मला बरं वाटलं. पन मी येत न्हाई. तुमचं घर गप हाय, ताई, मला तिथं सारखं ऐकू येईल. हितं मशीन चालतंय तोवर कायच ऐकू येत न्हाई. गिऱ्हाईकासाठी म्हनाल तर ते कुठंबी जाईल. बिभीषन चांगला दळतो.

तुमीच या. सुट्टी काढून या, आंबं आल्यावर या. दुपारी आला तर घरात शोधू नका, मी गिरनीतच आसंन. बाहीरनं हाक मारू नका, ऐकू जायची न्हाई. दारात हुभं ऱ्हाऊन नुसता हात करा. मी आता सारखी मागं वळून बघते.

तुमची,
कडूबाई